शनिवारचं भरणं

मी एक जुनी पांढरी वाइन आहे. मित्रांनो, एवढ्यावरच नाक मुरडू नका. मला चाखायचं तुमचं वय नाही हे मलाही कळतं, पण माझी गोष्ट ऐकायला वयाची अट नाही. मी जातीची कोरडी. म्हणजे माझ्यात साखर उरलेली नाही. होती नव्हती ती जन्मतानाच खाऊन टाकली. स्वभावानं मात्र मी कोरडी नाही, उलट जरा बडबडीच आहे. अकरा वर्षं तोंडात बूच घेऊन बसले होते, आता तोंड मोकळं झालंय तर बोलून घेते. हे मी कुठून बोलतेय ते शेवटी सांगीन.

माझा जन्म दक्षिण फ्रान्समधल्या पेरग्राव गावातला. गावाच्या वर, उत्तरेच्या वाऱ्याच्या तोंडावर, चढाचा एक तुकडा आहे. त्याला लाउझेत म्हणतात. तिथे मातीपेक्षा चपटे दगडच जास्त. माझा मालक ओनोरे आझेमा आईच्या पोटात होता तेव्हा त्या आईनं, लेओनीनं, तिथे क्लॅरेत जातीच्या द्राक्षांच्या वेली लावल्या. नवरा म्हणाला, "या दगडांत बकरीसुद्धा थांबत नाही." लेओनी म्हणाली, "बकरीला पाय आहेत, म्हणून थांबत नाही. वेल कुठे पळणार आहे?" वेली खरंच थांबल्या. तेव्हा त्या वेली आणि ओनोरे एकाच वयाचे. माझा जन्म झाला त्या वर्षी दोन्हीकडे सत्तरी उलटली होती, पाठी वाकल्या होत्या, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय कुणालाच नव्हती.

क्लॅरेतची द्राक्षं लांबट, जाड सालीची. अख्ख्या गावाची तोडणी उरकून लोक दुपारच्या झोपा काढायला लागतात तेव्हा ही पिकतात. त्यांची वाइन अंगानं किडकिडीत होते, जाता जाता जिभेवर कडवट रेघ ओढून जाते, आणि जरा हवा लागली की मान टाकते. खोटं कशाला बोलू? मी एकटी होते तेव्हा अगदी अशीच होते.

ओनोरेला एकच मुलगी, सोलांज. बारा वर्षं तूलूझला नोकरी करून, आई गेल्यावर ती घरी परतली. तिनं खालच्या सपाट जमिनीत पांढरी ग्रनाश लावली. त्या द्राक्षांची वाइन भरल्या अंगाची, पिकल्या नासपतीच्या वासाची, पण जड. दोन घोटांनंतर माणूस तिसऱ्याचा विचार करतो. बापलेकीचं तळघर एक, पिंपं दोन. दाराशी डावीकडे ओनोरेचं जुनं ओकचं पिंप, खिडकीखाली उजवीकडे सोलांजचं. एकानं दुसऱ्याच्या पिंपाला हात लावायचा नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. जेवायला मात्र दोघं एकाच टेबलावर बसत, आणि तिथे भांडायला द्राक्षांखेरीज दुसरा विषय नसे.

मित्रांनो, पिंपाची एक खोड तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाकूड श्वास घेतं आणि वाइन पितं. दर आठवड्याला आतली पातळी बोटभर खाली जाते. वर जी रिकामी जागा होते तिथे हवा शिरते, आणि हवा घरात शिरली की वाइनचा व्हिनेगर व्हायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून दर शनिवारी सकाळी आमच्या गावात घरोघरी पिंपं काठोकाठ भरतात. त्यासाठी थोडी वाइन वेताच्या जाळीतल्या मोठ्या काचेच्या बुधल्यांत वेगळी राखलेली असते. लग्न असो, मयत असो, शनिवारचं भरणं चुकत नाही. लेओनी म्हणायची, माणसानं रविवारी देवळात जावं की नाही ते ज्याचं त्यानं बघावं, पिंपाला शनिवारी भूक लागते म्हणजे लागते.

तर माझ्या जन्माच्या वर्षी, ऑक्टोबर संपत आला असताना, मी पिंपात फसफसून नुकती शांत झाले होते. फेस उतू जाऊ नये म्हणून सुरुवातीला पिंप पुरतं भरत नाहीत, त्यामुळे माझ्या डोक्यावर चांगली जागा मोकळी होती. वर स्वयंपाकघरात काय बोलणं चाललंय ते तळघराच्या उघड्या दारातून मला स्पष्ट ऐकू येत होतं.

सोलांजनं टेबलावर एक कागद ठेवला. जुन्या वेली उपटून टाकायच्या असतील तर जानेवारी संपायच्या आत सरकारी अनुदानाचा अर्ज करायचा होता.

"बाबा, लाउझेतचं काय ते एकदा ठरवा."

"ठरलंय. जानेवारीत छाटणी."

"त्या चढावर, एकट्यानं? गेल्या हिवाळ्यात पडलात तुम्ही तिथे."

"पडलो नाही. बसलो होतो."

"दोन तास? पावसात?"

"विचार करत होतो."

"कसला विचार? मी येऊन हात धरून उठवलं तेव्हा ओठ निळे पडले होते तुमचे." सोलांजनं कागद त्याच्याकडे सरकवला. "आणि हे सगळं कशासाठी? तुमचा चंबू दर वर्षी टेबलावर अर्धा उरतो. रेमोंद काय म्हणते ठाऊक आहे ना?"

ओनोरेला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. बावीस जानेवारीला, द्राक्षवाल्यांच्या संत विन्सेंटच्या दिवशी, पेरग्राव एका लांब टेबलावर जेवतं. प्रत्येक घरानं आपल्या नव्या वाइनचा एक चंबू आणायचा. चंबू सगळे सारखे मातीचे. नाव खडूनं बुडाला लिहायचं, म्हणजे चंबू रिकामा होऊन पालथा केल्याशिवाय ती कुणाची ते कळत नाही. जो चंबू पहिला रिकामा होईल त्या घरच्या माणसानं उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: कुठलं शेत, कुठली वेल, कुणाचे हात. त्या टेबलावर आजवर कुणी खोटं बोललेलं नाही. आणि कालवं विकणारी रेमोंद, जी ओनोरेच्या वर्गात होती आणि अजून त्याचे कान पिळायची संधी सोडत नाही, ती दर वर्षी म्हणायची, "ओनोरेचा चंबू माझ्या हाताशी ठेवा गं. कालवं सोलून झाली की हात धुवायला लागतो."

ओनोरेनं कागद बोटानं दूर सारला. "यंदा माझा चंबू पहिला रिकामा झाला तर लाउझेत राहील. नाही झाला तर ट्रॅक्टर मी स्वतः चालवीन."

"शब्द?"

"आझेमांचा शब्द."

सोलांज काही वाईट नव्हती, बरं का. तिला त्या वेलींचा राग नव्हता. बाप एक दिवस त्या दगडांत पडेल आणि आपण वेळेवर पोहोचणार नाही, या भीतीनं तिला झोप लागत नव्हती. आणि ओनोरेचंही काय चुकलं? त्याच्या आईच्या हातचं जगात तेवढंच शिल्लक होतं. दोघांचं बरोबर असलं की भांडण मिटायला फार वेळ लागतो.

यात आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत होती. ओनोरेला नीट दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. तळघरात तो दिवा लावत नसे. म्हणायचा, स्वतःच्या तळघरात ज्याला दिवा लागतो त्यानं भाड्याचं घर बघावं. पण खरं कारण वेगळं होतं. दिवा लावूनही त्याला धुकंच दिसायचं. माझ्या पिंपाचं बूच तो बोटांनी चाचपून शोधायचा, आणि पायऱ्या मनातल्या मनात मोजत उतरायचा.

नोव्हेंबरच्या अखेरीला सोलांजनं तळघराची फरशी घासून धुतली. त्यासाठी सगळे बुधले बाहेर अंगणात नेले. ओनोरेचे दोन, तिचे दोन. परत आणताना उत्तरेचा वारा असा सुटला होता की दार धरायला एक माणूस हवा. घाईघाईनं तिनं ठेवले, तर तिचे दोन गेले डावीकडे आणि ओनोरेचे दोन उजवीकडे. ओनोरेच्या आजोबांपासून त्या घरात घरधन्याचे बुधले दाराशी डावीकडे असत. त्यांवर नाव लिहिलेलं नाही. जागा हीच खूण. शंभर वर्षांत कुणाला दुसऱ्या खुणेची गरज पडली नव्हती.

मी बघत होते. ओरडावंसं वाटलं, पण वाइनला ओरडता येत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला चंद्र उतरणीला लागला, वारा उत्तरेचाच राहिला, आणि ओनोरेनं गाळ काढायचा दिवस धरला. या कामाला तो कुणाला जवळ येऊ देत नसे. मला हळूहळू दुसऱ्या पिंपात उतरवलं, तळचा गाळ फेकला, माझं पिंप धुतलं, मला परत आत घेतलं. आता पिंप चौथाईनं रिकामं होतं. त्यानं डावीकडे हात लांब केला, हाताला बुधला लागला, त्यात नळी सोडली. पहिला बुधला माझ्यात रिकामा झाला. मग दुसरा.

मित्रांनो, त्या वेळी मला कसं वाटलं ते सांगणं अवघड आहे. एखाद्या एकलकोंड्या मुलीच्या खोलीत आई अचानक कुणा पाहुण्या मुलीची गादी घालते ना, तसं. ही ग्रनाश गुबगुबीत, ऐसपैस, जरा आळशी. मी हाडकुळी आणि तोंडाची कडू. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींना अंग लागू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुझी हाडं टोचतात." मी म्हटलं, "तू माझ्या अंगावर रेललीस तर टोचणारच." पण खरं म्हणजे तिच्यामुळे मला ऊब आली होती, आणि माझ्यामुळे तिला पाठीचा कणा आला होता. आठवडाभरात कुठे मी संपते आणि कुठे ती सुरू होते ते आम्हालाच सांगता येईना.

गाळ काढला त्याच सकाळी ओनोरेनं, बूच ठोकण्याआधी, काचेच्या नळीनं घोटभर मला बाहेर काढलं होतं. घोट जिभेवर फिरवला. थुंकला नाही. बुचावर तळहात ठेवून तो इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं त्याला बरं नाही. मग वर गेला. जेवताना सोलांजनं विचारलं, "गाळ निघाला?" तो म्हणाला, "निघाला." बस्स, एवढंच.

शनिवारी सोलांज आपलं पिंप भरायला आली. ती ओतण्याआधी नेहमी बुधल्यातला थेंब चाखते. चाखला, आणि तोंड वाकडं झालं. कडवट रेघ. तिनं दुसरा चाखला. तीच रेघ. ती वळली, डावीकडचे दोन्ही बुधले हलवून पाहिले. पार रिकामे. मग तिनं माझं बूच काढलं, मला चाखलं, आणि उलट्या टोपलीवर बसून राहिली.

मी तिच्या हातातल्या पेल्यात होते, म्हणून तिचा चेहरा मला जवळून दिसला. आधी ती दचकली होती. मग तिला माझी चव आवडली आणि थोडा रागही आला, कारण मी तिच्या वाइनपेक्षा सरस झाले होते. आणि त्यानंतर तिच्या लक्षात आलं की बुधल्यांचा रंगसुद्धा वेगळा आहे. तिच्या काचेचा हिरवा, बापाच्या काचेचा पांढरा. वाऱ्याच्या घाईत ठेवताना तिनं पाहिलं नव्हतं, पण शांतपणे नळी सोडणाऱ्या डोळस माणसाकडून ही चूक होत नाही. परवा त्यानं सूपात दोनदा मीठ घातलं होतं. रस्त्यात पोस्टमनला दुसऱ्याच नावानं हाक मारली होती. तिनं पेला उपडा केला, बापाचे भरलेले बुधले गुपचूप डावीकडे सरकवले, आणि आपल्या पिंपासाठी राखलेली ग्रनाशची छोटी बरणी आणायला वर निघून गेली. तिनं ओनोरेला काही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी तळघराच्या पायऱ्यांना मात्र दोरखंडाचा कठडा लागला. "माझा पाय घसरला होता," ती म्हणाली.

असा दीड महिना गेला. दर शनिवारी दोघं आपापल्या वेळी खाली येत, आपापलं पिंप भरत, आणि वर जाऊन एकमेकांसमोर बसून मुकाट्यानं सूप पीत.

बावीस जानेवारी उजाडली. गावच्या सभागृहात लांब टेबल मांडलं होतं. दाराबाहेर वेलींच्या वाळक्या काड्यांच्या निखाऱ्यांवर सॉसेजं भाजत होती, आत रेमोंदची कालवं. मी चंबूत होते, आणि माझ्यासारखेच बावीस चंबू टेबलावर होते. उजव्या हाताला दोन माणसं सोडून सोलांजचा चंबू. रेमोंदनं आल्या आल्या विचारलं, "ओनोरे, हात धुवायचं पाणी आणलंस ना?" लोक हसले. ओनोरे हसला नाही. तो नवा शर्ट घालून आला होता आणि त्याची बटणं एक घर चुकली होती. सोलांजनं जवळ जाऊन ती नीट लावली.

मग जेवण सुरू झालं, आणि मित्रांनो, मी फिरायला लागले. एका कालवानंतर एका माणसानं मला ओतलं, पुन्हा हात पुढे केला. शेजारणीनं चंबू ओढून घेतला. "हा इकडे द्या जरा." "अहो, आम्हालाही आहे तोंड." कालवाच्या खारटपणावर माझा कडवटपणा बरोबर बसत होता, आणि ग्रनाशची ऊब मागाहून येत होती. मी इतकी मागणी आयुष्यात पाहिली नव्हती. शेवटचा घोट रेमोंदच्या पेल्यात पडला. तिनं चंबू हलवला, पालथा केला, चष्मा कपाळावरून खाली ओढून बुडाचं नाव वाचलं.

"आझेमा."

"कुठली? लेक?" कुणीतरी विचारलं.

"बाप."

एक म्हातारा पुटपुटला, "खडू चुकला असेल." रेमोंदनं उरलेला घोट घेतला आणि म्हणाली, "खडू चुकेल, माझी जीभ कशी चुकेल? ऊठ ओनोरे. सांग."

ओनोरे उठला. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "शेत, लाउझेत," तो म्हणाला. "वेल, क्लॅरेत." मग थांबला. मला सोलांजचा श्वास ऐकू येत होता. पुढे 'हात, माझे' एवढंच म्हटलं असतं, तर पैजेप्रमाणे लाउझेत वाचली असती.

खुर्ची सरकली. सोलांज उभी राहिली होती.

"बाबा, थांबा. त्यात चौथा हिस्सा माझी ग्रनाश आहे. फरशी धुतल्यावर मी बुधले उलटे ठेवले. तुमच्या जागेवर माझे होते. चूक माझी आहे."

"मला माहीत आहे," ओनोरे म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून. डोळे गेलेत माझे, जीभ शाबूत आहे."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो काय बोलला. सबंध गावासमोर बोलला होता. त्यानं मान खाली घातली. "दोन वर्षं झाली. सगळं धुक्यात दिसतं. बुधला चुकला म्हणून सांगायचं, तर का चुकला तेही सांगावं लागलं असतं. मग तू मला त्या चढावर पाऊल टाकू दिलं नसतंस."

"मी म्हणूनच गप्प बसले," सोलांज म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही, हे तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही माझी."

रेमोंदनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे तुलाही ठाऊक, तिलाही ठाऊक, आणि दीड महिना समोरासमोर बसून सूप ओरपताय. या आझेमांच्या घरी जिभा फक्त चाखायला दिल्यात देवानं."

लोक हसले, पण ओनोरे अजून उभाच होता. "तिसरी गोष्ट राहिली," तो म्हणाला. "हात, लेओनीचे, माझे आणि सोलांजचे. झालं सांगून. आता पैजेचं. मी पैज हरलो. चंबूत एकटी क्लॅरेत नव्हती. ट्रॅक्टर उद्या काढतो."

मला रडू आलं असतं, पण मी तेव्हा बऱ्याच लोकांच्या पोटात होते.

सोलांजनं हात लांब करून आपला चंबू उचलला आणि बापाच्या हातात दिला. "उचलून बघा."

ओनोरेनं वजन तोललं. "अर्धा आहे."

"अर्ध्याहून जास्त आहे. यात एकटी ग्रनाश आहे. दोन घोटांनंतर कुणी हात लावला नाही." तिनं चंबू खाली ठेवला. "तुम्ही उद्या लाउझेत उपटलीत, तर पुढच्या वर्षी मी कशात मिसळू?"

ओनोरे खाली बसला, रुमाल काढून नाक पुसलं, आणि पावाचा तुकडा विनाकारण दोनदा मोडला. सोलांजनं पर्समधून तो उपटणीचा कागद काढला. पैज लावली तेव्हाच ओनोरेनं त्यावर सही केली होती, तारीख घालायची राहिली होती. रेमोंदनं तो तिच्या हातातून घेतला, त्यात कालवांच्या रिकाम्या शिंपल्या ओतल्या, आणि पुडी बांधून टोपलीत टाकली. "उद्या सकाळी माझ्या गाडीनं बेझिए," ती ओनोरेला म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नाही म्हणालास तर या टेबलावर सांगीन शाळेत कुणाच्या वहीतून गणितं उतरवायचास ते."

त्या वर्षीची लाउझेतची छाटणी बापलेकीनं मिळून केली. कात्री सोलांजच्या हातात. ओनोरे गाठी चाचपून सांगायचा, इथे काप, इथे नको, ही आईच्या वेळची फांदी आहे. चढावर एकट्यानं जायचं नाही, हे त्यानं कुरकुरत मान्य केलं. वसंतात डोळ्यांचं काम झालं. पट्टी निघाल्यावर त्यानं पहिली गोष्ट काय म्हटली असेल? "सोलांज, तुझे बुधले हिरवे आहेत होय?"

माझ्या पिंपाच्या जवळपास तीनशे बाटल्या झाल्या. माझ्या बहिणी गावात, बेझिएत, कुठे कुठे गेल्या. चांगल्या कालवांबरोबर, भाजल्या माशांबरोबर, हसत्या टेबलांवर संपल्या. माझं मात्र कौतुक जरा जास्तच झालं. मला राखून ठेवलं. मानेला निळी फीत बांधून स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारच्या फळीवर उभं केलं. येणाऱ्या जाणाऱ्याला माझी गोष्ट सांगायचे. मी फुगून जायचे.

पहिल्या वर्षी. मग दुसऱ्या वर्षी गोष्ट थोडक्यात सांगू लागले. पाचव्या वर्षापर्यंत फितीचा रंग उडाला, माझ्या खांद्यांवर धूळ बसली. आडवं निजवलं असतं तर बूच ओलं राहिलं असतं. उभ्यानं ते वाळलं, आकसलं. दुपारचं ऊन रोज तासभर माझ्या पाठीवर पडायचं. आणि मी हळूहळू कमी व्हायला लागले. ओनोरेला वाटे, सोलांजनं खास दिवसासाठी ठेवलीय. सोलांजला वाटे, बाबांनी आठवण म्हणून जपलीय, आपण कसा हात लावायचा. दर शनिवारी दोघं माझ्यासमोरून तळघरात जायचे, पिंप भरून वर यायचे, आणि माझ्या मानेतली रिकामी जागा कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती. राग नाही आला मला. पण वाईट वाटलं, ते सांगून टाकते.

आणि मग या हिवाळ्यातला एक शनिवार. ओनोरे आता चौऱ्याऐंशीचा. तो चष्मा शोधत फळी चाचपत होता. मी त्याच्या हाताला लागले. त्यानं सवयीनं मला उजेडासमोर धरलं आणि तसाच थांबला.

"सोलांज, इकडे ये."

"काय झालं?"

"बघ. तीन बोटं खाली गेलीय." त्याचा आवाज अगदी हळू होता. "पन्नास वर्षं दर शनिवारी पिंपं भरली मी. एक चुकवला नाही. आणि घरातली बाटली अशी उपाशी ठेवली."

सोलांजनं ओढणीसारखा गळ्यातला रुमाल काढून माझे खांदे पुसले. "मी म्हटलं तुम्ही जपून ठेवलीय."

"मी म्हटलं तू."

दोघं एकमेकांकडे बघून हसली, तीच जुनी चूक करून सापडल्यासारखी. मग बूच काढलं. ते चुऱ्यासारखं निघालं. चहाच्या गाळणीतून मला गाळलं. माझा रंग पिवळ्या गवताचा होता, आता जुन्या सोन्याचा झाला होता. अंगाला अक्रोडाचा वास. खरं सांगते, मला भीती वाटत होती. मी व्हिनेगर झाले असेन तर? अकरा वर्षं मानेत हवा घेऊन बसलेल्या पांढऱ्या वाइनचं काय होतं ते आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

ओनोरेनं घोट घेतला. जिभेवर फिरवला. थुंकला नाही.

"थकलीय," तो म्हणाला. "पण उभी आहे."

सोलांजनंही चाखलं. तिचे डोळे भरून आले. "कडवट रेघ तशीच आहे बाबा."

"ती कुठे जातेय. माझ्या आईची आहे."

एक पेला त्यांनी रेमोंदसाठी झाकून ठेवला. मग सोलांज म्हणाली, "आज शनिवार आहे." ओनोरेनं मान हलवली. दोरखंडाचा कठडा धरून दोघं खाली उतरली. आता तळघरात पिंप एकच आहे, मोठं, लाउझेतची क्लॅरेत आणि खालची ग्रनाश पहिल्या दिवसापासून एकत्र. या वर्षीची नवी वाइन त्यात झोपली होती. सोलांजनं बूच काढलं आणि उरलेली मी त्यात ओतली.

तर मित्रांनो, मी आता या पिंपातून बोलतेय. आजूबाजूला सगळी तरणी पोरं आहेत, फार दंगा करतात, पण मला आवडतंय. थोड्या दिवसांत मी कुठे संपते आणि ती कुठे सुरू होतात ते कुणाला सांगता येणार नाही. पुढच्या संत विन्सेंटला मी पुन्हा टेबलावर जाणार.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. जे आवडतं त्याला फीत बांधून फळीवर उभं करू नका. आजी असो, मित्र असो, सायकल असो, प्रत्येक गोष्ट आठवड्याला बोटभर कमी होते. त्यात कुणाचा दोष नाही. तेवढं बोटभर भरत जा, आणि कुठे कमी पडतंय ते दिसत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा.

वर बूच ठोकायचा आवाज येतोय. ओनोरे विचारतोय, "काठोकाठ?"

"काठोकाठ," सोलांज म्हणतेय. "तुम्ही स्वतः बघा ना."